शंकरपाळीचं शास्त्रीय नाव

गेल्या दिवाळीत आईने पोळपाटावर जाडसर पोळी लाटली, कातणाने आधी उभ्या रेघा मारल्या, मग तिरप्या, आणि शंकरपाळ्या सुट्या करायला माझ्या भाचीला बसवलं. भाची सातवीत, सेमी-इंग्रजीत. एक शंकरपाळी तळहातावर घेऊन ती म्हणाली, "मामा, हा रॉम्बस आहे ना?" मी म्हटलं, "हो, समभुज चौकोन." कढईशी उभी असलेली आई म्हणाली, "शंकरपाळी आहे ती. आणि ओढू नकोस, आकार बिघडतो."

एकाच आकाराची तीन नावं, तीन पिढ्यांच्या तोंडची. मी भाचीला विचारलं, "रॉम्बस म्हणजे काय?" तिने घडाघडा सांगितलं, "चारही बाजू समान असलेला चौकोन." "ही व्याख्या झाली. शब्दाचा अर्थ काय?" ती थबकली. मग म्हणाली, "त्या शब्दाला अर्थ पण असतो?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तिच्या वाट्याला भूमितीतले जे शब्द आले ते सगळे असेच, स्पेलिंग पाठ करून वापरायचे. शब्द फोडून आत काही सापडेल अशी अपेक्षाच तिला कोणी लावली नव्हती. मला मात्र तिच्या वयात 'समभुज' हा शब्द जड आणि पुस्तकी वाटायचा, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा 'रॉम्बस' फार ऐटबाज. आता उलट वाटतं. आपला शब्द बोलका आहे आणि त्यांचा मुका. पण बोलक्या शब्दाचीही एक खोड असते. ती पुढे येईलच.

आधी रॉम्बस. इंग्रजीत तो लॅटिनमधून आला, लॅटिनमध्ये ग्रीकमधून. ग्रीक 'ऱ्होम्बोस'च्या मुळाशी गरगर फिरण्याच्या अर्थाचं क्रियापद आहे. ऱ्होम्बोस म्हणजे दोरीला बांधलेली लाकडाची चपटी पट्टी. दोरीचं दुसरं टोक धरून ती डोक्याभोवती फिरवली की घुमल्यासारखा आवाज निघतो. डायोनिससच्या गूढ विधींत ती फिरवत असत. प्लेटोचा समकालीन आर्किटस हा स्वतः गणिती. ध्वनीविषयी लिहिताना त्याने याच पट्टीचा दाखला दिला आहे: सावकाश फिरवली तर सूर खालचा, जोरात फिरवली तर वरचा. म्हणजे भूमितीच्या पुस्तकात येण्याआधी रॉम्बस ही ऐकायची वस्तू होती. पट्टीचा आकार आकृतीला चिकटला आणि आवाज गळून पडला.

हाच शब्द भिंगरीसारख्या फिरत्या चाकालाही होता आणि एका चपट्या, रुंद माशालाही. रोमन कवी जुव्हेनलने आपल्या चौथ्या उपहासकाव्यात सम्राट डोमिशियनची टिंगल केली आहे ती याच माशावरून. नजराणा म्हणून आलेला मासा इतका प्रचंड की त्याच्या मापाचं भांडं मिळेना, मग त्याचं करायचं काय हे ठरवायला राज्यातल्या बड्या मंडळींची बैठक बोलावली. मालवणकडच्या वाचकाला इथे सरंगा, म्हणजे पापलेट, आठवेल, आणि त्याचं चुकणार नाही. पापलेट ताटात आडवं पडलं की त्याची बाह्यरेषा बरीचशी तशीच दिसते.

आर्किमिडीजने तळाशी तळ जोडलेल्या दोन शंकूंना 'घन रॉम्बस' म्हटलं. आपला सपाट आकार कर्णाभोवती फिरवला की हेच दोन शंकू मिळतात, म्हणजे भिंगरी पुन्हा हजर झाली. गोष्ट सुरस आहे, मीही ती मन लावून वाचली. पण विद्यार्थ्याच्या हाती तिच्यातलं काय लागतं? शब्द सांगतो की काहीतरी फिरतं. कागदावरचा चौकोन तर जागचा हलत नाही. चार बाजू, त्यांची लांबी, कोन, कर्ण, यांतलं काहीही 'रॉम्बस' सांगत नाही. लंडनच्या मुलालाही तो ग्रीकच आहे.

हे म्हणायचं कारण, मराठी परिभाषेवरचा नेहमीचा आरोप. ती संस्कृतने लादलेली, कृत्रिम, मुलांना परकी. आरोपात तथ्य आहेच. 'त्रिज्या' घ्या. शाळेत आम्हाला वाटायचं, त्रिज्येत काहीतरी तीन असणार. तीन काय, ते कोणी सांगितलं नाही. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. प्राचीन ज्योतिषगणितात कोनाची 'ज्या' म्हणजे वर्तुळातली अर्धी जीवा. तीन राशींची ज्या ती त्रिज्या. तीन राशी म्हणजे ९० अंश, आणि ९० अंशांची ज्या वर्तुळाच्या केंद्रापासून परिघापर्यंतच्या अंतराएवढीच भरते. एवढं आकाश ओलांडल्यावर कळणारा शब्द सहावीच्या मुलाला बोलका वाटेल कसा? तिथे मी भाचीच्या बाजूचा आहे.

समभुज चौकोनाचं तसं नाही. सम, भुज, चौकोन. 'चौ' आपल्या चौकट, चौरंग, चौथऱ्यात रोज भेटतो. 'भुज' म्हणजे हात. मराठी माणूस चतुर्भुज होतो तो लग्नात, नाहीतर हातांत बेड्या पडल्यावर. भूमितीत चौकोनाला तसल्या कारणांची गरज पडत नाही. आकृतीच्या बाजूला हात म्हणण्याची ही रीत फार जुनी आहे, आणि 'बाजू' हा फारसीतून आलेला शब्दही मुळात हाताचाच. दोन भाषांनी एकाच आकृतीला हात लावले असं म्हणायला हरकत नाही.

आता नाव बोलकं असण्याने नेमकं काय बदलतं ते पाहू. युक्लिडने 'एलिमेंट्स'च्या पहिल्या खंडातल्या २२ व्या व्याख्येत चौकोनांची वाटणी केली. चौरस म्हणजे बाजू समान आणि कोन काटकोन. रॉम्बस म्हणजे बाजू समान, पण कोन काटकोन नाहीत. या 'पण'ने चौरस रॉम्बसच्या घराबाहेर गेला. गंमत अशी की एवढी काटेकोर व्याख्या केल्यावर युक्लिडने तेरा खंडांत रॉम्बसचा पुन्हा कुठेच उपयोग केला नाही. आजचं पाठ्यपुस्तक मात्र सांगतं की प्रत्येक चौरस हा रॉम्बस असतो. दोन हजार वर्षांत घराचा दरवाजा उघडला, पाटी तीच राहिली, आणि चौरस आत आहे की बाहेर हे त्या पाटीवरून कळायला मार्ग नाही. म्हणून भाचीने ते पाठ केलं आहे, 'एव्हरी स्क्वेअर इज अ रॉम्बस'. मराठीत पाठ करायला काही उरतच नाही. चौरसाच्या चारही भुजा सम आहेत का? आहेत. मग तो समभुज चौकोन. नावच निवाडा देतं.

आपल्याकडे हा निवाडा जुना आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, 'लीलावती' ११५० ची. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे त्यांच्या नातवाने, चंगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. 'लीलावती'त या आकाराला तुल्यचतुर्भुज म्हटलं आहे. तुल्य म्हणजे समान. कर्ण समान असलेला तुल्यचतुर्भुज आणि कर्ण असमान असलेला तुल्यचतुर्भुज, अशी दोन्हींची क्षेत्रफळं ते एकाच ओघात सांगतात. समान कर्णांचा म्हणजे अर्थात आपला चौरस. युक्लिडने त्याला वेगळं घर दिलं होतं, भास्कराचार्यांनी त्याच घरातली वेगळी खोली दिली.

पण भास्कराचार्यांचं खरं महत्त्व पुढे आहे, आणि आपल्या बोलक्या नावाची खोडही तिथेच उघडी पडते. चौकोनाच्या फक्त चार बाजू देऊन क्षेत्रफळ विचारणाऱ्यावर ते संतापले आहेत. लंब सांगितला नाही, कर्ण सांगितला नाही आणि ठरावीक क्षेत्रफळ मागतो, असा प्रश्न विचारणारा पिशाच आहे, आणि त्याचं उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच, अशा अर्थाचं ते लिहितात. गणिताच्या पुस्तकात पिशाच! शाळेत आम्हाला हे कोणी सांगितलं असतं तर भूमितीच्या तासाला डोळा लागला नसता.

संतापाचं कारण ते उदाहरणाने देतात. एक तुल्यचतुर्भुज घ्या, प्रत्येक बाजू २५. एक कर्ण ३० धरला तर दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ ६००. तोच कर्ण १४ धरला तर दुसरा ४८ आणि क्षेत्रफळ ३३६. दोन्ही कर्ण समान असतील तर तो चौरस आणि क्षेत्रफळ ६२५. बाजू प्रत्येक वेळी २५ च. समोरासमोरचे दोन कोपरे आत ढकलले की एक कर्ण आखडतो, दुसरा लांबतो, बाजूंना खरचटतही नाही आणि क्षेत्रफळ मात्र निम्म्याच्या आसपास येतं. ब्रह्मगुप्ताच्या ६२८ सालच्या ग्रंथापासून चालत आलेलं, नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचं सूत्र या तिन्ही चौकोनांना ६२५ हेच उत्तर देतं. ते सूत्र चारही कोपरे एका वर्तुळावर असलेल्या चौकोनालाच लागू पडतं, आणि या तिघांत तसा फक्त चौरस.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मुंबईतल्या जुन्या इमारतीची लिफ्ट बघा. तिचं सरकतं जाळीचं दार म्हणजे समभुज चौकोनांची रांगच. दार ओढून घेतलं की चौकोन फाकतात, लोटलं की उभे आणि अरुंद होतात. पट्ट्यांची लांबी सुताएवढीही बदलत नाही. एवढं मोठं दार वीतभर जागेत मावतं ते याच सोयीने. गाडीचं चाक बदलताना लावतो तो स्क्रूचा जॅकही तोच खेळ खेळतो. दांडा फिरवला की आडवा कर्ण आखडतो, उभा वाढतो, गाडी वर. आईची शंकरपाळीही ओढली की बिघडते. कणीक ताणली जाऊन बाजू बदलतात हे खरं, पण त्याआधी बिघडतात ते कोन.

नुसता 'समभुज' हा शब्द त्रिकोणाला लावला तर त्रिकोणाला पळायला जागा राहत नाही. तीन बाजू समान म्हणजे तीन कोन ६० अंशांचे, विषय संपला. तोच शब्द चौकोनाला लावला तर बाजू बांधल्या जातात आणि कोन मोकाट सुटतात. विशेषण एकच, पण एकीकडे ते सगळं ठरवतं आणि दुसरीकडे अर्धंच. हा फरक नावात दिसत नाही. गवंडी आणि सुतार हे नावावाचून जाणतात. चौकट बसवताना चार बाजू मोजून ते थांबत नाहीत. गुण्या लावतात, नाहीतर सूत घेऊन दोन्ही कर्ण मोजतात. कर्ण सारखे निघाले नाहीत तर चौकट 'गुण्यात नाही'. भास्कराचार्यांनी पिशाच म्हटलेली चूक गवंडी करत नाही, परीक्षेत मुलं करतात. व्याख्या असलेल्या नावाची खोड ती हीच. ते इतकं पूर्ण वाटतं की आणखी काही विचारायचं राहिलं आहे याची शंकाही येत नाही. मुक्या रॉम्बसपाशी निदान माणूस अडखळतो तरी.

मग चित्रातून आलेलं नाव बरं का? तेही आपल्याकडे होतं, आणि ग्रीकांच्या भिंगरीहून धड होतं. शुल्बसूत्रांमध्ये, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांत, यज्ञाच्या चितीचे वेगवेगळे आकार सांगितले आहेत, आणि त्यांत आपली शंकरपाळी आहे. तिचं नाव 'उभयतःप्रउग'. प्रउग म्हणजे गाडीच्या दांड्यांचा पुढचा, जुवाकडे निमुळता होत जाणारा भाग. बैलगाडी वरून पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको, दोन दांडे पुढे येत येत जवळ येतात आणि समद्विभुज त्रिकोण होतो. असा प्रउग दोन्ही अंगांनी काढला, की उभयतःप्रउग. झालेले आणि होऊ घातलेले शत्रू घालवायचे असतील त्याने या आकाराची चिती रचावी असं तैत्तिरीय संहिता सांगते. एका टोकाने आजचे शत्रू आणि दुसऱ्या टोकाने उद्याचे, असा हिशोब असावा, असं मला आपलं वाटतं.

ती काढायची रीतही साधी आहे. हवं त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा आयत आखायचा, चारही बाजूंचे मध्य जोडायचे, आत हवी तेवढी शंकरपाळी तयार. कोपऱ्यांतले चार त्रिकोण मिळून बरोबर अर्धा आयत. नाव गाडीवरून आलं म्हणून रीत ढिली पडली नाही. म्हणून 'चित्राची नावं अडाणी, व्याख्येची नावं शास्त्रीय' ही वाटणी मला पटत नाही.

चित्राच्या नावाचा धोका दुसरा असतो. चित्र गावोगाव बदलतं. पत्त्यांत आपण ज्याला चौकट म्हणतो ती लाल शंकरपाळी आहे, दाराच्या चौकटीशी तिचं नातं चार कोपऱ्यांपुरतं. दाराची चौकट तशी निघाली तर सुताराचे पैसे कापू आपण. पाठ्यपुस्तकातला 'पतंग' हा चौकोन तर त्याहून मजेदार. त्याच्या वरच्या दोन बाजू आखूड, खालच्या दोन लांब. हा पतंग इंग्रजी गोष्टीच्या पुस्तकातला, शेपटीवाला. संक्रांतीला आपल्या गच्चीवरून उडतो तो पतंग म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला जवळजवळ चौरस कागद, एक उभी कामटी, एक वाकवलेली आडवी. चित्र परक्या आभाळातलं आणि शब्द आपल्या गच्चीवरचा, अशी ती जोडी आहे. मूल खरा पतंग आठवून प्रश्न सोडवायला गेलं तर चुकेल. परिभाषा करणाऱ्यांनी इथे शब्दाचं भाषांतर केलं, पण वस्तू नजरेखालून घातली नाही.

व्याख्या नाव म्हणून वापरायची की वारशाने आलेलं नाव टिकवायचं, हा वाद आपण एकदा मोठ्या आवाजात घातला आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची नवी रीत आली, बासष्टच्या जोडीला 'साठ दोन'. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरं असलेली संख्यांची नावं मुलांना जड जातात, फोड केलेलं नाव सोपं. महाराष्ट्र खवळला. भाषा मोडली, बाराखडी बुडाली, वगैरे. माझंही मत तेव्हा बासष्टच्या बाजूने होतं आणि आजही आहे, पण त्या रागातली एक विसंगती मला खुपते. 'साठ दोन' फोड करून सांगतो म्हणून आपल्याला बालिश वाटला, आणि 'समभुज चौकोन' तेच करतो तर पंडिती वाटतो. फोड करून सांगणं हा गुण की दोष, याचं एकदा काहीतरी ठरवा.

माझ्यापुरतं ठरलं आहे. जी वस्तू रोज शंभरदा लागते तिचं नाव घासून गुळगुळीत झालेलं असावं, अर्थ दिसला नाही तरी चालेल. बासष्ट तसा आहे. जी वस्तू वर्गात शिकायची, तपासायची, तिच्याविषयी वाद घालायचा, तिचं नाव उघडता यावं. म्हणून 'समभुज चौकोन'ऐवजी 'रॉम्बस' घेण्याने मुलाचं काहीही सोपं होत नाही. एक उघडणारं कुलूप काढून न उघडणारं लावलं एवढंच. पुढे विज्ञान इंग्रजीत शिकायचं आहे, हे कारण मला मान्य आहे. पण त्यासाठी रॉम्बस हा शब्द शेजारी लिहिलेला पुरतो, आणि मराठी माध्यमाच्या पुस्तकांत तो लिहिलेला असतोही. उलट सोय मात्र नाही. सेमी-इंग्रजीतल्या भाचीच्या गणिताच्या वहीत 'समभुज' हा शब्द एकदाही नव्हता. गणिताच्या बाईंना सांगायचं तर एवढंच की फळ्याच्या कोपऱ्यात तो लिहा. आणि व्याख्या लिहून देण्याआधी सारख्या लांबीच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून मुलांच्या हातात द्या. बाजू न मोडता क्षेत्रफळ कसं पळतं ते त्यांना बोटांनी कळेल, पिशाचाची गोष्ट मग सांगता येईल.

राहिली शंकरपाळी. तिच्यात शंकर नाही. फारसी 'शकरपारा' म्हणजे साखरेचा तुकडा, मराठीत येताना त्याला शंकर भेटला. फारसीतला 'शकर' तरी कुठला? संस्कृत 'शर्करा'शी नातं सांगणारा. हा शब्द आकाराविषयी अक्षरही बोलत नाही, गोडीविषयी बोलतो. तरीही मराठी माणसाला 'शंकरपाळ्याच्या आकाराचं' म्हटलं की लगेच कळतं, आणि रॉम्बस, समभुज यांतलं कोणतंही नाव इतक्या लोकांना इतक्या लवकर कळत नाही.

फक्त एक. उभ्या रेघांमधलं अंतर आणि तिरप्या रेघांमधलं अंतर सारखं असेल तरच कातणाखालून समभुज चौकोन निघतात, नाहीतर नुसते समांतरभुज. आईच्या शंकरपाळ्या मी मोजून पाहिल्या. निम्म्याहून अधिक समांतरभुज होत्या. डबा चार दिवसांत संपला.